गौडा चीज आणलंय खरं, पण आपल्या घरात खपवायचं कसं?

मोगरा_बोरिवली

नमस्कार मंडळी, आमचे हे क्रॉफर्ड मार्केटला सुकामेवा आणायला गेले होते, तिथे एका दुकानदाराने चाखायला म्हणून सुरीच्या टोकावर एक फोड दिली आणि हे जवळजवळ किलोभर गौडा चीज घेऊन घरी आले. काजू राहिले. आता आमच्याकडे चीज म्हणजे मुलीच्या डब्यातले स्लाइस आणि पावभाजीवर किसायचा क्यूब, त्यापलीकडे मजल गेलेली नाही.

दोन तुकडे आहेत. मोठा आहे तो फिकट पिवळा, बोटाने दाबला तर जरासा दबतो, बाहेरून पिवळं मेणचट कवच, आत मुगाएवढी थोडी भोकं, चव अगदी सौम्य, दुधाळ आणि मागून किंचित गोडसर. लहान तुकडा मात्र गडद, सुरी घातली की कपचे उडतात आणि आत पांढरे पांढरे कण दिसतायत. ही बुरशी नाही ना? आणि दोन्हीवर ४८+ लिहिलंय, ते काय वय आहे का?

सासूबाई शुद्ध शाकाहारी, शिवाय बीपीची गोळी चालू. मुलगी म्हणते पिझ्झा कर, पण किलोभर चीजचे पिझ्झे खाणार कोण. तर रोजच्या जेवणात हे कशाकशात जातं, टिकतं किती, फ्रीजमध्ये कसं ठेवायचं, कुणी नेमाने वापरत असेल तर सांगा प्लीज. क्रॅकर आणि द्राक्षं सांगू नका, ते इन्स्टावर बघून झालंय.

गिरगावचा_गणू

काजूच्या पैशात चीज आणणाऱ्या माणसाचा सत्कार कधी ठेवताय? शाल-श्रीफळ माझ्याकडून.

विरजण

डेअरी टेक्नॉलॉजी शिकलोय त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

४८+ हे वय नाही, फॅट आहे. चीजमधलं पाणी वगळून जो घन भाग उरतो त्यात किमान ४८ टक्के फॅट, असा त्याचा अर्थ. एकूण वजनात धरलंत तर साधारण २७ टक्के पडतं, म्हणून घाबरून जाऊ नका. वय वेगळं लिहिलेलं असतं. ४ आठवड्यांच्या आसपास मुरलेला तो कोवळा, ४ महिन्यांचा मधला, आणि १० ते १२ महिन्यांवर गेला की जुना. दीड वर्षाच्या वरचेही मिळतात. तुमचा मोठा तुकडा कोवळा आणि लहान तुकडा जुना दिसतोय.

पांढरे कण बुरशी नाहीत. चीज मुरताना प्रथिनं तुटत जातात, त्यातून टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल सुटं होतं आणि त्याचे खडे जमतात. दाताखाली कुरकुरले तर उत्तम, त्याचेच तर पैसे दिलेत तुमच्या ह्यांनी.

आता गोडसर का लागतं. गाईचं दूध कोमट करून त्यात विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं एन्झाइम, घालतात, दूध साकळलं की त्याचे बारीक तुकडे कापतात, आणि मग सुटलेलं हिरवट पाणी थोडं उपसून त्याच्या जागी गरम पाणी ओततात. ही धुलाई म्हणजे गौडाचा प्राण आहे. धुतल्यावर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बरंच निघून जातं, जंतूंना आंबवायला माल कमी उरतो, आंबटपणा चढत नाही. चेडार चीजमध्ये असं धुवत नाहीत, तो म्हणून जिभेला जरा चावतो. पुढे मग साच्यात दाबायचं, मिठाच्या पाण्यात बुडवायचं, कोटिंग करायचं आणि फळीवर ठेवून अधूनमधून उलटत राहायचं. एक किलो चीजला साधारण १० लिटर दूध जातं, तेव्हा महाग का हे वेगळं सांगायला नको.

साबुदाणा_वडा

वाचनखूण साठवली. ती मुगाएवढी भोकं कशाची पण? त्या स्विस एमेंटाल चीजची केवढी मोठी असतात.

विरजण

तीही जंतूंचीच करामत. विरजणातले काही जंतू दुधातलं सायट्रेट खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो वायू थोडासाच असतो म्हणून भोकं बारीक. एमेंटालमध्ये वेगळे जंतू असतात आणि ते भरपूर वायू सोडतात.

पार्लेकर_काकू

मोगरा, बाकी नंतर, आधी शाकाहाराचं बघून घे. दूध साकळायला जे रेनेट वापरतात ते परंपरेने वासराच्या जठरातून काढतात. आपल्याकडे बनणाऱ्या चीजमध्ये बहुतेक ठिकाणी मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजंतूंपासून केलेलं, रेनेट असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. बाहेरून आलेल्या मालावरही इथे विकताना हिरवी किंवा तपकिरी खूण लागतेच. पण घोळ होतो तो सुट्ट्या मालात! दुकानदार मोठ्या चाकातून फोड कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळून देतो, लेबल त्याच्याकडेच राहतं. तर पुन्हा कधी गेलीस की मूळ चाकाचं लेबल दाखवा म्हणून सांग, ते दाखवतात. तोवर सासूबाईंना वाढू नकोस, त्यांना न सांगता तर अजिबात नको.

मोगरा_बोरिवली

काकू, हे बरं झालं सांगितलंत, माझ्या डोक्यातच नव्हतं. ह्यांना परत पाठवते, काजूही आणायचेत.

तिखटजाळ

वापर विचारलायस ना, मग ऐक. आमच्याकडे गौडा नेहमी असतो आणि एवढं पक्कं सांगते की कोवळा गौडा नुसता खायची वस्तू नाही, मिळमिळीत लागतो. त्याला शेजारी तिखट, आंबट, खमंग काहीतरी हवं. आणि तेच आपल्या स्वयंपाकात हवं तेवढं आहे!

माझ्या घरात पहिला नंबर थालीपीठाचा. भाजणी नेहमीसारखीच, कांदा, कोथिंबीर, तिखट, ओवा, फक्त मीठ हात राखून, कारण चीजमध्ये मीठ आहे. तव्यावर थापून भोकं पाडून तेल सोडायचं, एक बाजू खरपूस झाली की उलटायचं आणि मग मधल्या भोकात चिमूटभर आणि कडेने गोल असा किस टाकायचा, तो थेट तव्यावर पडला पाहिजे. गॅस बारीक. झाकण नाही ठेवायचं, वाफ धरते. मिनिटभरात कडेचं चीज आधी पसरतं, मग बुडबुडतं, मग बुडबुडे थांबून सोनेरी जाळी होते, त्या क्षणी उलथन्याने अख्खं उचलायचं. उशीर केलात तर जाळी कडू होते. बरोबर लसणीची चटणी नाही तर खर्डा, सॉस घ्याल तर माझ्याशी बोलू नका.

वालाचं_बिरडं

थालीपीठावर चीज??? लोण्याचा गोळा मेला का? प्रत्येक गोष्टीवर चीज किसायची ही जी मुंबईची साथ आलीय ना, डोशावर चीज, वड्यात चीज, मिसळीवर सुद्धा बघितलं मी एका ठिकाणी, तिथून उठून आलो. आपल्या पदार्थाची चवच मारून टाकतात.

तिखटजाळ

बिरडं, लोणी थालीपीठ उतरवल्यावर घाला की, कोण नको म्हणतंय, दोन्ही राहतं. मिसळीच्या बाबतीत मात्र तुमच्या बाजूने आहे मी. तर्रीत चीज पडलं की त्याचा चिवट गोळा होतो आणि चमच्याला लोंबतो.

पार्लेकर_काकू

मिसळीला +१. रस्सा असलेल्या कुठल्याच पदार्थात टाकू नये.

दादर_फास्ट

सँडविचबद्दल कुणीच बोललं नाही अजून? मुंबईत राहून? टोस्ट सँडविच हाच कोवळ्या गौडाचा खरा पत्ता आहे. हिरवी चटणी जरा जास्त झणझणीत, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, बीट, कांदा, टोमॅटो, वरून सँडविच मसाला, आणि चीज दोन्ही ब्रेडच्या आतल्या बाजूला, भाजी मध्ये, म्हणजे टोमॅटोचं पाणी ब्रेडला लागत नाही. गॅसवर धरायचा तो लोखंडी टोस्टर असेल तर त्यातच करा, इलेक्ट्रिकमध्ये ती करपलेली कड येत नाही. क्यूबच्या चीजपेक्षा हे कमी खारट असल्यामुळे चटणीची चव वर येते.

पण एक प्रॉब्लेम आहे, कधीकधी याला तेल सुटतं आणि वर चीज रबरासारखं होतं. क्यूबला असं होत नाही. का?

विरजण

दादर फास्ट, क्यूब म्हणजे प्रोसेस्ड चीज. मूळ चीज वितळवून त्यात सोडियम सायट्रेट, फॉस्फेट असले इमल्सिफायिंग सॉल्ट्स घालतात, ते फॅट आणि पाणी प्रथिनांशी बांधून ठेवतात, म्हणून कितीही तापवा, तेल सुटत नाही. गौडा नॅचरल चीज आहे, त्यात ही बांधणी नाही. जास्त तापलं की प्रथिनांची जाळी आकसते आणि फॅट पिळून बाहेर काढते.

उपाय सोपे आहेत. किसून वापरा, फ्रीजमधून थेट काढून तव्यावर नको, आच मंद, आणि वितळलं की थांबा. सॉस करायचा असेल, पास्त्याला वगैरे, तर किसाला आधी चमचाभर कॉर्नफ्लोर चोळा आणि गॅस बंद केल्यावर थोडं थोडं घालत ढवळा, गुठळी होणार नाही. जुना गौडा वितळवायच्या भानगडीत पडूच नका, त्यात पाणी कमी असतं आणि प्रथिनं तुटलेली, तो नीट तारही धरत नाही.

पनीर का वितळत नाही असं पुढे कुणीतरी विचारणारच म्हणून आत्ताच सांगतो. ते आम्लाने फाडलेलं असतं, त्यातलं प्रथिनांना धरून ठेवणारं कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातं, त्यामुळे प्रथिनांची घडण वेगळीच होते. तापवलं तर पाणी सोडतं आणि घट्ट होतं, बस.

घाटकोपर_वेस्ट

जैन सँडविचमध्ये कांदा-बटाटा नसतो, तिथे कच्चं केळं आणि गौडा. करून बघा, आमच्या सोसायटीत सगळे करतात.

परतलेली_डच

काही वर्षं नेदरलँड्सला होते, आता पवई. गौडा गावाचं नाव आहे, आणि चीज सगळं त्या गावात बनत नाही, आजूबाजूचे शेतकरी तिथे विकायला आणायचे म्हणून ते नाव पडलं. गावात १६६८ सालचं चीज वजन करायचं घर अजून उभं आहे आणि उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी त्याच्यासमोर बाजार भरतो. आता तो पर्यटकांसाठीच असतो म्हणा, पण बघायला मजा येते. शेतकरी आणि व्यापारी एकमेकांच्या हातावर टाळ्या देत भाव बोलतात, प्रत्येक टाळीला एक आकडा, आणि शेवटी हात धरला की सौदा पक्का. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, त्यातलाच प्रकार, फक्त हे लोक उघड्यावर आणि आवाज करून.

गौडा हे नाव कुणीही वापरू शकतं, त्यामुळे आपल्या अमूलचा गौडा हा काही डुप्लिकेट माल नव्हे. 'गौडा हॉलंड' हे नाव मात्र २०१० पासून युरोपात राखीव आहे, ते तिथल्याच दुधाचं आणि तिथेच बनलेलं लागतं.

जुन्या तुकड्याचं सांगते. तिथे संध्याकाळी त्याचे चौकोनी तुकडे मोहरीच्या सॉसबरोबर खातात. मी इथे सुक्या अंजिराबरोबर देते, पाहुणे ताटली पुसून खातात. आणि खरी गंमत मुगाच्या डाळीच्या खिचडीत आहे. खिचडी जरा सैल, मीठ कमी, तूप नेहमीच्या निम्मं, आणि ताटात वाढल्यावर वरून जुना गौडा बारीक किसणीने भुरभुरवायचा. ढवळायचं नाही. भुरभुरलेला किस वाफेवर मऊ होतो, पण आतले खडे तसेच राहतात.

वालाचं_बिरडं

खिचडी मान्य. खिचडी करून बघेन.

तिखटजाळ

घ्या, विरघळले!

कोकणी_मेवा

परतलेली डच, तिकडे जिरं घातलेलं चीज मिळतं म्हणतात ते खरं का? माझ्या भावाने आणलं होतं, आम्हाला वाटलं इकडच्या लोकांसाठी मुद्दाम बनवतात.

परतलेली_डच

नाही हो, त्यांचंच जुनं आहे. लायडन गावच्या नावाने ओळखतात, जिरं पक्कं असतं त्यात. उत्तरेला फ्रीसलंडमध्ये तर लवंग आणि जिरं दोन्ही घालतात. जिऱ्याचं चीज आपल्या तोंडाला पटकन बसतं. मोगराच्या सासूबाईंना द्यायचं झालं तर पहिल्यांदा तेच द्यावं, अर्थात हिरवा ठिपका बघून.

अवांतर: वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, १६३७ मध्ये सुरू झालेली, पडकी वास्तू अजून आहे. मसाल्याचा धंदा करणाऱ्यांच्या चीजमध्ये लवंग सापडली तर नवल कसलं.

कोकणी_मेवा

वखार आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी आहे! लहानपणी तिथे करवंदं खायला जायचो.

डोंबिवली_स्लो

साठवण्याबद्दल. मुंबईची हवा दमट, त्यात फ्रीज दिवसातून पन्नास वेळा उघडणार. क्लिंग फिल्ममध्ये गच्च गुंडाळलंत तर आत घाम धरतो आणि बुरशी येते, नुसतं उघडं ठेवलंत तर सुकून तडकतं आणि फ्रीजमधल्या लसणीचा वास पकडतं. बटर पेपरमध्ये गुंडाळून मग डब्यात, झाकण अगदी घट्ट नाही, भाजीच्या खणात. एवढा मोठा तुकडा असेल तर लागेल तेवढाच कापून वेगळा ठेवा, सारखा सगळा हाताळू नका. कोरडी सुरी वापरा, चटणीचा हात तर नकोच.

बुरशी आली तरी अख्खं टाकू नका, असल्या घट्ट चीजमध्ये ती खोल शिरत नाही, भोवतालचा इंचभर भाग कापून टाकायचा आणि सुरी बुरशीला लागू द्यायची नाही. मऊ चीजला हा नियम नाही, ते सरळ फेकायचं. आणि फ्रीझर शेवटचा उपाय, चालतं, पण नंतर भुसभुशीत होतं, मग फक्त वितळवायच्या कामाचं.

मोगरा_बोरिवली

सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंच्या बीपीचं कुणी सांगेल का? आणि कवचाचं काय, तेही खातात का?

विरजण

कवच खायचं नाही, मेण असो की प्लास्टिकचं कोटिंग, सोलून टाका. त्यावर बुरशी येऊ नये म्हणून नॅटामायसिन लावलेलं असतं बऱ्याचदा, त्यामुळे कवचाला चिकटलेला थर पण थोडा काढलेला बरा.

मीठ म्हणाल तर १०० ग्रॅम गौडात साधारण ८०० मिलिग्रॅम सोडियम असतं. डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या खाली सांगते. ३० ग्रॅमची फोड खाल्ली तर अडीचशेच्या आत, म्हणजे त्या दिवशी लोणचं-पापड नको एवढंच. पक्कं काय ते डॉक्टरांना विचारा. जमेची बाजू म्हणजे तेवढ्याच १०० ग्रॅममध्ये ७०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, आणि मुरलेल्या गौडात लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे ज्यांना दूध पचत नाही त्यांना बहुतेक वेळा हे चालतं.

मी_मुलुंडकर

घरी करता येईल का हो? गाईचं दूध आमच्याकडे थेट गोठ्यातून येतं, रेनेट ऑनलाइन मिळतं.

विरजण

दाबून मिठाच्या पाण्यातून काढेपर्यंत सगळं जमेल, दूध आधी पाश्चराइझ करून घ्या म्हणजे झालं. अडतं ते मुरवण्यात. त्याला १० ते १३ डिग्री आणि बऱ्यापैकी दमट हवा आठवडेच्या आठवडे लागते. आपल्या घरात ३०, फ्रीजमध्ये ४. मधलं काहीच नाही. ज्यांना नाद लागलाय ते वाइनचा छोटा फ्रीज घेतात. नाहीतर अमूल, कोडाई, पुण्याचं एबीसी फार्म्स, आपल्याच देशात बनतंय की, आधी ते खाऊन बघा.

दादर_फास्ट

आणि विकत घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. चीज म्हणून ठेवलेल्या पाकिटावर कुठेतरी 'ॲनालॉग' आणि घटकांत वनस्पती तेल असतं, ते दुधाचं चीज नाही. 'स्मोक्ड गौडा' म्हणून सॉसेजच्या आकाराचा तपकिरी सालीचा जो रोल मिळतो तोही बऱ्याचदा प्रोसेस्डच असतो. चव वाईट नाही, पण गौडाच्या भावात घेऊ नका.

साबुदाणा_वडा

बटाटेवड्यात घालायचं असेल तर? बिरडंकाका, कान बंद करा.

तिखटजाळ

चौकोनी तुकडे करून आधी फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास कडक कर. सारण नेहमीचं, पण लसूण-मिरची वाढव. तुकडा बरोबर मध्यभागी आला पाहिजे, सगळीकडून बोटभर सारण, नाहीतर बेसनातून फुटून तेलात जातो आणि मग तेल उडतं. बेसन जरा घट्ट भिजव, आणि तेल चांगलं तापलेलं हवं, म्हणजे आतलं वितळेपर्यंत बाहेरचं कवच धरलेलं असतं. काढल्यावर लगेच चावा घेऊ नकोस, जीभ पोळेल.

वालाचं_बिरडं

कान बंदच आहेत. पण पावाला सुकी लसणीची चटणी लावाल ना? की तिथेही मेयो?

तिखटजाळ

चटणीच. आणि तळलेली मिरची.